फ्रान्शहुक: फ्रेंच नावाचं गाव आणि बंगालची अँजेला

आज सुरुवात क्रिकेटने करू.

एबी डिव्हिलियर्स. फाफ डू प्लेसी. आयपीएल बघणाऱ्या प्रत्येकाला ही नावं पाठ आहेत. पण कधी डोक्यात आलंय का, की दक्षिण आफ्रिकेच्या टीममध्ये इतकी फ्रेंच आडनावं कुठून आली? तिथे आधी डच होते, मग इंग्रज आले. फ्रेंचांचं राज्य तिथे कधीच नव्हतं. मग डू प्लेसी, डिव्हिलियर्स, ड्यू टॉइट, मारे, झुबेर ही मंडळी उगवली कुठून?

या आडनावांचा माग काढत गेलं की आपण एका दरीत पोचतो. केपटाउनपासून गाडीने साधारण एक-सव्वा तास. तीन बाजूंनी डोंगर, मधे सपाट जमीन, तिच्यावर रांगेत लावलेल्या द्राक्षवेली आणि एक मोठा रस्ता असलेलं छोटं गाव. गावाचं नाव फ्रान्शहुक. 'हुक' म्हणजे कोपरा. फ्रेंचांचा कोपरा.

कंपनीच्या एका प्रोजेक्टसाठी मी तीन महिने केपटाउनला होतो, तेव्हा दोन शनिवार या गावात घालवले. पहिल्या शनिवारी टुरिस्ट म्हणून गेलो. दुसऱ्या शनिवारी जरा वाचन करून गेलो. गाव तेच होतं, पण मला दिसलेलं गाव तेच नव्हतं. आजचा एपिसोड त्या फरकाचा आहे.

आधी एक शब्द क्लिअर करू. तिकडे 'वाइन फार्म' म्हणतात तेव्हा त्यात सगळंच येतं: द्राक्षांचा मळा, वाइन बनवायचं तळघर, मालकाचं पांढऱ्या भिंतींचं जुनं घर, आणि आता त्याच्या जोडीला रेस्टॉरंट. आपल्याकडे नाशिकला बरेचदा द्राक्षं एका शेतकऱ्याची आणि वायनरी दुसऱ्याची असते. इथे सगळं एका कुंपणात. हे लक्षात ठेवा, कारण त्या कुंपणाच्या आत कोण कोण राहत होतं हा पुढे महत्त्वाचा प्रश्न होणार आहे.

फ्रेंच यायच्या आधी या दरीला डच लोक ओलिफांट्सहुक म्हणायचे, म्हणजे हत्तींचा कोपरा. इथे हत्ती होते. डोंगर ओलांडून जाणारा आजचा घाटरस्ता हत्तींच्याच जुन्या वाटेवरून गेलाय असं सांगतात. आणि माणसंही होती बरं का. खोइखोइ नावाचे पशुपालक लोक गुरं-मेंढ्या घेऊन ऋतूप्रमाणे या भागात चरायला यायचे. आपल्या धनगरांसारखं. त्यांच्याकडे सातबारा नव्हता, त्यामुळे डच कागदांच्या हिशोबाने ही जमीन 'रिकामी' होती. पुढे १७१३मध्ये केपला देवीची साथ आली आणि त्यात खोइखोइंचे तांडेच्या तांडे संपले.

डच तिथे आले १६५२ साली. राज्य करायचा त्यांचा प्लॅन नव्हता. डच ईस्ट इंडिया कंपनीला युरोप आणि आशियाच्या मधे एक हायवेवरचा ढाबा हवा होता. खलाशी महिनोन्‌महिने समुद्रात, ताजं काही नाही, हिरड्यांतून रक्त येऊन माणसं मरायची. म्हणून केपला भाजीपाला, मांस, पाणी आणि वाइन. जहाजावर पिंपातलं पाणी खराब व्हायचं, वाइन त्या मानाने टिकायची. यान व्हान रीबेक हा तिथला पहिला प्रमुख. २ फेब्रुवारी १६५९ला त्याने डायरीत नोंद केली की आज केपच्या द्राक्षांची पहिली वाइन झाली. आपल्या एखाद्या देशाच्या वाइनचा वाढदिवस तारखेसकट माहीत असणं ही तशी दुर्मीळ गोष्ट आहे.

ही कंपनी आपल्याला अनोळखी नाही. कोकणात वेंगुर्ल्याला जी पडकी डच वखार आहे ना, ती याच कंपनीची. ते पुढे लागेल.

आता फ्रान्सकडे जाऊ. १५९८ साली राजा चौथा हेन्री याने नांतचा जाहीरनामा काढला आणि प्रोटेस्टंटांना, ज्यांना ह्युगनॉट म्हणतात, आपला धर्म पाळायची मुभा दिली. १६८५ला चौदाव्या लुईने ती मुभा काढून घेतली. प्रार्थनाघरं पाडली, मुलांना सक्तीने कॅथलिक करायचं, आणि वर देश सोडायलाही बंदी. तरी सुमारे दोन लाख लोक पळाले. बरेच जण हॉलंडमध्ये पोचले, आणि तिथे कंपनीने त्यांच्यापुढे ऑफर ठेवली: जहाजाचं तिकीट फुकट, तिकडे जमीन फुकट, अट एवढीच की निष्ठेची शपथ घ्यायची आणि किमान पाच वर्षं राहायचं. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. बॉण्ड साइन करून ऑनसाइट!

१६८८च्या एप्रिलपासून ही माणसं केपला उतरायला लागली. इकडे त्याच वेळी संभाजी महाराज औरंगजेबाशी झुंजत होते, म्हणजे काळाचा अंदाज येईल. एकूण आकडा फार मोठा नाही, पहिल्या वर्ष-दीड वर्षात पावणेदोनशेच्या आसपास. त्यांतल्या तीन भावांचं आडनाव द व्हिलियर्स. पिएर, अब्राहम आणि झाक, फ्रान्समधल्या ला रोशेलकडचे. डिव्हिलियर्स हे आडनाव दक्षिण आफ्रिकेत पसरलं ते या भावांपासून. आपल्या एबीचं पूर्ण नावही अब्राहमच, अब्राहम बेंजामिन.

या लोकांनी शेतांना आपल्या गावांची, प्रांतांची नावं दिली: बूर्गोन्य, शांपान्य, ला ब्री, ला मोट, कॅब्रिएर. हीच नावं आज बाटल्यांवर आणि कमानींवर दिसतात. टुरिस्ट ब्रोशरचं म्हणणं असं की फ्रेंच आले, सोबत वाइनची विद्या घेऊन आले आणि दरी बहरली. यात थोडं तथ्य आहे आणि बरंच मार्केटिंग. सगळे ह्युगनॉट काही वाइनवाले नव्हते. त्यांत साधे शेतकरी होते, कारागीर होते.

आणि गंमत ऐका. या 'फ्रेंच' गावात फ्रेंच भाषा किती टिकली? जेमतेम साठ-सत्तर वर्षं. केपचा गव्हर्नर होता सिमोन व्हान देर स्टेल. फ्रेंचांचा वेगळा गट होऊ नये म्हणून त्याने जमिनीच अशा वाटल्या की शेजारी डच येतील. १७०१मध्ये कंपनीने हॉलंडहून कळवलं की मुलांना शाळेत डच शिकवा. १७५०च्या सुमारास फ्रेंच बोलणारे उरले ते म्हातारेच. गल्लीत कॅफेचं नाव फ्रेंच, जुलैत बास्तीय दिनाचा उत्सव, निळे-पांढरे-लाल झेंडे. आणि कुणाला 'बोंझूर' म्हटलंत तर उत्तर इंग्रजीत किंवा आफ्रिकान्समध्ये!

पहिल्या शनिवारी माझी गोष्ट इथेच संपली होती. दुसऱ्या शनिवारपर्यंत मला एक साधा प्रश्न पडला होता. द्राक्षं म्हणजे मजुरीचं पीक. नाशिक-सांगलीकडचं कुणी ऐकत असेल तर त्याला सांगायला नको. छाटणी, बांधणी, फुटवे काढणं, तोडणी, आणि तोडणी आली की ती लगेच व्हायला हवी. पावणेदोनशे माणसं, त्यात बायका-मुलं, एवढ्यांच्या बळावर आख्खी दरी कशी उभी राहील?

उत्तर आहे गुलाम. कंपनीने स्थानिक खोइखोइंना गुलाम करायला मनाई केली होती, त्यामुळे माणसं बाहेरून आणली. १६५२पासून इंग्रजांनी गुलामांचा व्यापार बंद करेपर्यंत, म्हणजे १८०८पर्यंत, केपला सुमारे ६३ हजार माणसं गुलाम म्हणून आणली गेली. मोझांबिककडची, मादागास्करची, इंडोनेशियाची. आणि साधारण एक चतुर्थांश भारतातून.

हे मी पुन्हा सांगतो. एक चतुर्थांश. बंगाल, कोरोमांडल, मलबार. आपण शाळेत केपचा इतिहास शिकतो तो गांधीजी आणि नाताळच्या उसाच्या मळ्यातले मजूर यांच्यापासून. ते सगळं १८६० नंतरचं. त्याच्या दोनशे वर्षं आधीपासून भारतीय माणसं केपच्या मळ्यांत राबत होती. गिरमिटिया नव्हेत, ज्यांचा करार कधीतरी संपतो. विकत घेतलेली.

आता त्यांच्या नावांकडे या, कारण मी खरा अडकलो तो इथे. केपचे जुने कागद, मृत माणसांच्या मालमत्तेच्या याद्या वगैरे, बऱ्याच प्रमाणात टाइप करून ऑनलाइन टाकलेले आहेत. कंपनीला नोंदींचं प्रचंड वेड. घरातली भांडी, खाटा, तळघरातली पिंपं, बैल, मेंढ्या, आणि त्याच यादीत माणसं. नाव आणि पुढे 'व्हान' अमुक. व्हान म्हणजे 'चा', 'कडचा'. व्हान बेंगाल. व्हान मलबार. व्हान कोरोमांडल.

मराठी माणूस हे वाचताना थबकतोच. कारण ही आपली 'कर'ची पद्धत झाली! नाशिककर, सातारकर, वेंगुर्लेकर. पण आपला 'कर' आपण स्वतः लावतो, गाव सुटलं तरी गावाचं नाव सुटू नये म्हणून. 'व्हान बेंगाल' लावला होता तो कारकुनाने. त्या माणसाचं गाव कुठलं, आईने नाव काय ठेवलं होतं, हे त्या कॉलममध्ये कधी भरलंच नाही. पहिलं नावही मालकाचं: क्युपिडो, टायटस, स्किपिओ अशी रोमन नावं, नाहीतर चक्क महिने. फेब्रुवारी, एप्रिल, सप्टेंबर, ऑक्टोबर. आजही केपटाउनच्या फोनबुकमध्ये ही आडनावं आहेत. सप्टेंबर साहेब, एप्रिल बाई. केपमध्ये जन्मलेल्या गुलाम मुलांना 'व्हान द काप' म्हणायचे, म्हणजे केपकर.

यातल्या एका बाईबद्दल बऱ्यापैकी माहिती आहे. अँजेला व्हान बेंगाल. १६५७मध्ये व्हान रीबेकच्या घरात ती गुलाम होती, म्हणजे तोच तो, पहिली वाइन करणारा. पुढे तिला दुसऱ्याला विकलं. १६६६मध्ये तिला मुक्त केलं, १६६९मध्ये तिने आर्नोल्डस बासन नावाच्या गोऱ्या माणसाशी लग्न केलं. आज दक्षिण आफ्रिकेत जी बासन मंडळी आहेत, आणि लेकींच्या बाजूने आणखी कितीतरी गोरी कुटुंबं, त्यांच्या वंशवृक्षाच्या मुळाशी ही बंगालची बाई आहे. मूळ नाव माहीत नसलेली.

आणि ज्याने ह्युगनॉटांना जमिनी वाटल्या, तो गव्हर्नर व्हान देर स्टेल? त्याच्या आईची आई मोनिका नावाची, गुलामीतून सुटलेली भारतीय स्त्री होती. तिचा उल्लेख गोव्याच्या किनाऱ्याची मोनिका असा येतो. गोवा! म्हणजे आपल्या शेजारची. तिचा नातू केपचा गव्हर्नर झाला, स्टेलनबॉश नावाचं गाव त्याने स्वतःच्या नावावरून वसवलं, आणि त्याच्याच राजवटीत मळ्यांवरचे गुलाम वाढत गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस केपमध्ये गोऱ्या रहिवाशांपेक्षा गुलामांची संख्या जास्त होती.

फ्रान्शहुकच्या मोठ्या रस्त्याच्या टोकाला ह्युगनॉट स्मारक आहे. गावाचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो तोच. तीन उंच पांढऱ्या कमानी, मागे डोंगर, पुढे पाणी आणि मधे एका स्त्रीचा पुतळा. ती पृथ्वीच्या गोलावर उभी आहे, एका हातात बायबल, दुसऱ्या हातात तुटलेली साखळी. साखळी म्हणजे फ्रान्समधला धार्मिक जुलूम, तो तोडून आलो हा अर्थ.

मी त्या साखळीकडे बराच वेळ बघत होतो. ज्या दरीत शंभर-दीडशे वर्षं माणसं विकत घेऊन राबवली, तिथे तुटलेली साखळी आहे ती मालकांच्या पूर्वजांच्या हातात. ह्युगनॉटांनी जे भोगलं ते खोटं नाही, हे मला ठामपणे म्हणायचंय. घरदार सोडून बोटीत बसलेली माणसं होती ती. पण जम बसल्यावर त्यांतल्या अनेकांनी गुलाम विकत घेतले, हेही त्याच कागदांत आहे.

तारखा बघा. ह्युगनॉट आल्याला २५० वर्षं झाली म्हणून १९३८मध्ये स्मारकाची पायाभरणी. उद्घाटन १७ एप्रिल १९४८. आणि २६ मे १९४८च्या निवडणुकीत नॅशनल पार्टी जिंकली आणि वर्णभेद ही सरकारची अधिकृत पॉलिसी झाली. आपण कोण, आपले पूर्वज कोण, याची जुळवाजुळव त्या काळात जोरात चालू होती. धर्मासाठी सोसलेले, गोरे, कष्टाळू फ्रेंच पूर्वज त्या गोष्टीत फिट बसत होते. अँजेला बसत नव्हती. १९४९ला गोरे आणि इतर यांच्यातल्या लग्नांवर बंदी आली. १९५०ला प्रत्येक माणसाच्या नावापुढे वंशाचा रकाना आला. माझ्या भाषेत सांगायचं तर डेटा आधीच तीनशे वर्षं मिसळलेला होता, आणि यांनी वरून एक कडक स्कीमा ठोकला. एरर तर येणारच होते. आले ते माणसांच्या आयुष्यात.

गुलामी कायद्याने संपली १ डिसेंबर १८३४ला, पण वर आणखी चार वर्षं 'उमेदवारी' म्हणून त्याच मालकाकडे राबायचं. खरी सुटका १८३८ला. सुटून जायचं कुठे? जमीन सगळी वाटून झालेली. मग तेच लोक त्याच मळ्यांवर मजूर झाले, आणि मजुरीचा एक भाग मिळायचा वाइनमध्ये. याला 'डॉप' पद्धत म्हणतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठरावीक वेळी टिनच्या मगातून स्वस्त वाइन. मालकाचा उरलेला माल खपतो आणि मजूर व्यसनामुळे बांधलेला राहतो. १९६०च्या आसपास यावर कायद्याने बंदी आली, तरी काही मळ्यांवर हा प्रकार पुढे कितीतरी वर्षं चालू राहिला. गरोदरपणात आईने दारू घेतल्यामुळे बाळात कायमचे दोष राहतात, त्या आजाराचं जगात नोंदलेलं सगळ्यात जास्त प्रमाण असलेल्या भागांमध्ये वेस्टर्न केपमधल्या या वाइनच्या पट्ट्याचं नाव येतं. आज टेस्टिंग रूममध्ये तुमचा ग्लास भरणारी मुलगी बहुतेक गावाच्या कडेच्या ग्रोएंदाल वस्तीतून येते. वर्णभेदाच्या काळात गावाचा मधला भाग गोऱ्यांसाठी ठेवला होता.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग जायचंच नाही का? अहो जा ना, नक्की जा! गाव देखणं आहे, त्यात वादच नाही.

वाइन ट्राम २०१२पासून सुरू आहे. १९०४च्या जुन्या रेल्वेच्या रुळांवर उघडी डबलडेकर ट्राम, पुढे बस, आणि रंगांच्या नावाच्या लाइन. एका मळ्यावर उतरा, पुढची गाडी येईल तेव्हा चढा. न पिणाऱ्यांनी लाजू नका, मी स्वतः तिसऱ्या मळ्यानंतर द्राक्षाच्या रसावर आलो होतो. तिथल्या दोन गोष्टी चाखण्यासारख्या. एक म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली बुडबुड्यांची वाइन, तिला तिकडे कॅप क्लासीक म्हणतात. दुसरी सेमियॉन. या द्राक्षाची गोष्ट भारी आहे. १८२२च्या सुमारास केपच्या ९० टक्क्यांहून जास्त बागा या एकाच जातीच्या होत्या, लोक तिला नुसतं 'हिरवं द्राक्ष' म्हणायचे. मग १८८६ला फायलोक्सेरा आला, वेलींच्या मुळांवरचा किडा, आणि बागा बसल्या. त्या पडत्या काळात सेसिल ऱ्होड्सने या भागातले मळे घेऊन फळबागा लावल्या. तरीही शंभर वर्षांहून जुन्या काही सेमियॉनच्या वेली या दरीत अजून द्राक्षं देतायत.

घाटरस्ता चुकवू नका. १८२०च्या दशकात तो बांधला सैनिकांनी, आणि त्यावरचा यान झुबेर्सखाट नावाचा दगडी कमानीचा पूल आजही गाड्या पेलतोय. गावातून पार्लच्या दिशेने निघालात तर वाटेत एका तुरुंगाचं गेट लागतं. तेव्हाचं नाव व्हिक्टर व्हर्स्टर. ११ फेब्रुवारी १९९०ला नेल्सन मंडेला याच गेटमधून चालत बाहेर आले. आजूबाजूला सगळीकडे द्राक्षांचेच मळे.

आणि जेवताना मेन्यूत 'आच्चार' दिसलं तर मागवा. आपलं लोणचंच ते, तेलातलं, आंबट-तिखट. समोसा आहे, रोटी आहे, 'ब्रेयानी' आहे. फ्रेंच भाषा साठ-सत्तर वर्षांत गेली. आच्चार अजून आहे.

माझा सल्ला एवढाच, की क्रम बदला. आधी केपटाउनमध्ये स्लेव्ह लॉज बघा. १६७९ला कंपनीने आपले गुलाम ठेवायला बांधलेली इमारत, आता म्युझियम आहे. तिथून चालत दोन मिनिटांवर चर्च स्क्वेअरमध्ये काळ्या ग्रॅनाइटचे अकरा ठोकळे बसवलेत, त्यांवर गुलामांची नावं कोरलेली आहेत. तो चौक बाराही महिने उघडाच असतो. ते करून मग फ्रान्शहुकची ट्राम पकडा. तोडणीचा हंगाम बघायचा असेल तर फेब्रुवारी-मार्च. तिकडे तेव्हा उन्हाळा असतो, टोपी ठेवा.

पुढचा एपिसोड वेंगुर्ल्याच्या डच वखारीवर. ओपन एअर रेकॉर्डिंग करायचा विचार आहे, त्यामुळे मागे कावळे ऐकू आले तर सांभाळून घ्या. भेटू!